मिठातली सवत

माझी सवत मिठाच्या बरणीत राहायची. हसू नका. लोकांच्या सवती शेजारच्या गल्लीत राहतात, नाहीतर मुंबईला. माझी माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच हाताने भरलेल्या चिनी मातीच्या बरणीत होती. तिचं नाव सोडियम. तिच्यापायी माझे यजमान भालचंद्र अमेरिकेत जाऊन बसले होते, आणि मी मलकापुरात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत, त्यांच्या आईला सांभाळत, त्यांची वाट बघत होते. भाजीत मीठ टाकताना माझा हात जरा जोरातच पडायचा.

"अवं, भाजीवर कायले राग काढतं?" आत्याबाई म्हणायच्या. "खायाची तं आपल्यालेच हाय."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई. गाव अमडापूर. मामंजी आमच्या लग्नाआधीच वारले होते; हे अमेरिकेला गेल्यावर शेत बटईनं दुसऱ्याला कसायला देऊन, घराला कुलूप घालून त्या माझ्याकडे राहायला आल्या. सुनेवर फार जीव होता म्हणून नाही हं! त्यांनी कारण पहिल्याच दिवशी तोंडावर सांगून टाकलं होतं. "अमडापूरले रेल्वे येते का? भालू उतरन तं मलकापूरलेच उतरन नं. मंग मी तिकडं बसून काय करू?" ठेसनाच्या जवळ राहायचं, एवढीच त्यांची अट. मी तशाच दोन खोल्या बघितल्या. मुंबईकडून गाडी आली की आमच्या फडताळातले कप वाजायचे, आणि कप वाजले की आत्याबाई उठून दारात जायच्या.

लग्नानंतर वर्षही धड झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. ऐंशी साल. यांना तिकडच्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. आम्ही दोघं अमडापूरला सांगायला गेलो, तर आत्याबाई ओसरीवर ज्वारी निवडत बसलेल्या. मुलगा सातासमुद्रापार चाललाय हे ऐकून बाई रडल्या नाहीत की काही नाही. फक्त म्हणाल्या, "तिकडं जाऊन करशीन काय?"

"अणू थंड करणार, आई."

"काय थंड करशीन?"

तेव्हा यांनी मांडी ठोकली आणि समजावायला सुरुवात केली. माणूस एरवी घुम्या, पण अणूवर आला की थांबायचा नाही. जगातली प्रत्येक वस्तू बारीक बारीक कणांची बनलेली असते, ते कण सारखे पळत असतात. गरम असले की जोरात, थंड असले की हळू. ह्या प्रत्येक कणाच्या आत एक ठोका असतो, तो कधी चुकत नाही. त्या ठोक्यावर घड्याळ लावलं तर लाखो वर्षांत सेकंदाचा फरक पडणार नाही. पण पळणाऱ्याच्या छातीचा ठोका मोजायचा कसा? आधी त्याला थांबवलं पाहिजे. आणि थांबवायचं कशानं, तर प्रकाशानं.

"उजेडानं?" आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं.

"हो. समज, बैल उधळून तुझ्याकडे येतोय." यांनी सुपातली मूठभर ज्वारी उचलली. "तू समोरून त्याच्या तोंडावर एकेक दाणा मारायचा. एका दाण्यानं काही होत नाही. पण हजारो, लाखो दाणे मारत राहिलीस तर बैल हळू होईल की नाही? प्रकाशाचेही असेच दाणे असतात. लेसर नावाचा दिवा असतो, त्यातून एकाच रंगाचे, एका ओळीत येतात. आम्ही सोडियमचे अणू घेणार. मिठात असतं ना, तेच. त्याच्यावर आधी हात बसवायचा, मग घड्याळाच्या अणूंकडे वळायचं."

आत्याबाईंनी यांच्या मुठीतली ज्वारी काढून परत सुपात टाकली. "इतकी ज्वारी कोन वाया घालते बे? बैलाची येसन वढाव, झालं!"

मी पदरात तोंड घालून हसले. हेही हसले. म्हणाले, "अणूला वेसण नसते ना, आई."

निघण्याच्या आदल्या दिवशी मी यांना सरळ विचारलं, की परत कधी? हे म्हणाले, "शरू, एकदा का अणू थांबला, की मी आलोच. तिथे राहून काय करायचंय मला? इथेच एखाद्या कॉलेजात शिकवीन." मी मानलं. का नाही मानणार? माणूस खोटं बोलणारा नव्हता. मी फक्त एक विसरले, की अणू कधी थांबणार हे त्यालाही माहीत नव्हतं.

शेजारी सरकी-ढेपेचं दुकान होतं, वामनरावांचं. आमच्या ओळीत फोन त्यांच्याकडेच. त्यांच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी, मला पहिल्याच महिन्यात विचारलं, "तुमचे मालक तिकडं कायच्या धंद्यात हायेत?"

"थंड करतात." मी घाईत होते, शाळेची घंटा व्हायची होती.

बस्! तेवढ्यावर बाईंनी गावभर करून टाकलं की मनकर्णाबाईंचा पोरगा अमेरिकेत फ्रिजच्या कंपनीत आहे. मग काय विचारता! हळदीकुंकवाला गेले की, "शरयूबाई, येताना एक आमच्यासाठी आनाले सांगा नं." शाळेतल्या मुख्याध्यापिकासुद्धा एकदा हळूच म्हणाल्या, की दोन दारांचा असतो म्हणे तिकडे. आधी मी समजावून सांगायचे. अणू, लेसर, ठोका. नंतर कंटाळले. म्हणायचे, "हो हो, सांगते." ज्या गावात पॅसेंजर दोन-दोन तास उशिरा येते आणि कुणी हूं की चूं करत नाही, तिथे सेकंदाच्या अब्जाव्या भागासाठी नवरा घालवून बसलेय, हे कुणाला सांगणार होते मी?

त्यांची पत्रं यायची. प्रेमळ असायची, पण अर्धं पत्र सोडियमचं. आता वेग निम्मा झाला. आता पावावर आला. एका पत्रात लिहिलं होतं, की दिव्याचा रंग अगदी किंचित तांबड्याकडे ठेवायचा असतो, म्हणजे तो समोरून येणाऱ्या अणूलाच लागतो. पाठ फिरवून जाणाऱ्याला तो प्रकाश लागतच नाही. त्यांनी हे मोठ्या कौतुकानं लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि पत्र फडताळावर भिरकावलं. पाठ फिरवून गेलेल्याला मी तीन वर्षं पत्रं लिहीत होते, ती त्याला लागत होती का? हे मी आठवीच्या मुलींना विचारू की कुणाला विचारू?

रात्री उशी भिजायची असलं काही मी सांगणार नाही. मला राग यायचा. दिवसाढवळ्या, वर्गात ज्वलन शिकवताना, बाजारात वांगी घेताना, मध्येच तो माणूस हवासा वाटायचा आणि राग यायचा. त्यांचा हात, त्यांचा तो शर्टाला येणारा घामाचा वास, जेवताना बोटं चाटायची सवय. मला ते हवे होते. अणू-बिणू नको, घड्याळ नको, फ्रिज तर नकोच नको.

दर अमावास्येला आत्याबाई लेकाच्या फोटोवरून मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या. अमडापूरला चूल होती, इथे माझा रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह. निळ्या ज्योतीवर त्या मूठ सोडायच्या आणि ज्योत भस्सकन पिवळी व्हायची. "पाह्य, कशी पिवयी पडली! लय दिष्ट लागली होती लेकराले."

मी विज्ञानाची बाई. मला माहीत होतं, मिठातलं सोडियम तापलं की ज्योत पिवळीच होणार, फोटो लेकराचा असो की कलेक्टरचा. पण तोच तो पिवळा रंग. हे त्याच रंगाचा दिवा हातात घेऊन तिकडे बसले होते. मी आत्याबाईंना काही बोलले नाही. स्टोव्हजवळ जरा सरकून उभी राहिले, इतकंच.

आणि मग त्र्याऐंशीच्या पौषात फोन आला.

वामनरावांचा आवाज आधीच मोठा, ते दुकानाच्या पायरीवरून ओरडले, "वहिनी! अमेरिका!" मी पोळी तव्यावर टाकून पळाले. आत्याबाई मागून. दुकानात ढेपेची पोती, चार गिऱ्हाईकं, एक म्हैसवाला, सगळे कान देऊन. मी रिसीव्हर कानाला लावला तर समुद्रासारखी घरघर. माझं बोलणं मलाच परत ऐकू यायचं. "कसे आहात?" म्हटलं की पाठोपाठ माझ्याच आवाजात, "कसे आहात?"

त्या घरघरीतून त्यांचा आवाज आला. "शरू! ऐकू येतंय? थांबला! शरू, थांबला!"

"काय?"

"थांबला गं! कालच... प्राध्यापक म्हणाले..." पुढचं घरघरीत गेलं. मग एकदम स्पष्ट, "आईला सांग. बरं, येतो मग! येतो!" आणि खट्.

मी वामनरावांच्या गादीवर, चक्क त्यांच्या गादीवर, बसले. आत्याबाईंनी माझा दंड धरला. "काय म्हने? काय म्हने तो?"

"थांबला, आत्याबाई! अणू थांबला! येतो म्हणाले!"

त्या बाईनं ढेपेच्या दुकानात, परक्या पुरुषांसमोर, मला मिठी मारली. वामनरावांनी गिऱ्हाईकांना चहा सांगितला. म्हैसवाल्यानंही घेतला. पुष्पाबाई आतून धावत आल्या आणि पहिला प्रश्न काय, तर, "संगं आनून राह्यले का फ्रिज?"

पोळी जळून कोळसा झाली होती. मी ती हसत हसत फेकली.

मग आमच्या घरात जी लगीनघाई सुरू झाली, ती बघण्यासारखी होती. आत्याबाईंनी अमडापूरहून नवी ज्वारी मागवली, तूर मागवली. गाद्या पिंजून घेतल्या. मी शाळेत रजेचा अर्ज देऊन ठेवला, तारीख कोरी ठेवून. नवी साडी घेतली, अबोली रंगाची, आणि घडी मोडली नाही. परदेशातून निघायचं म्हणजे आठ-पंधरा दिवस जाणारच, हा आमचा हिशोब. कधी निघणार ते कळवलं नाही, तर तेही साहजिकच, गडबडीत असतील. म्हणून मग मुंबईकडून गाडी यायच्या वेळी आम्ही दोघी फलाटावर जाऊन उभ्या राहायला लागलो. आधी थोडं लाजत. नंतर हमाल ओळखायला लागले. तिकीट तपासनीस म्हणायचा, "आजही नाही का, बाई?" आत्याबाई त्याला म्हणायच्या, "गाडीच लेट हाय तुमची, तो काय करन?"

संक्रांत झाली. तिळगूळ डब्यात पडून राहिला. गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येक उंच माणसाकडे बघून मी दोन पावलं पुढे टाकायचे, आणि तो चेहरा वळला की मागे सरायचे. रोज. किती रोज, ते मोजायचं मी सोडून दिलं.

दुसरा फोन आला तेव्हा आत्याबाई घरी निजल्या होत्या. फलाटावरच्या वाऱ्यानं ताप भरला होता. मी एकटी गेले. या वेळी लाइन साफ होती, शेजारच्या खोलीतून बोलावं इतकी साफ.

"कधी निघताय?" मी पहिलंच विचारलं.

"निघतोय? कुठे?"

"कुठे म्हणजे! अणू थांबला म्हणालात ना? आम्ही रोज ठेसनावर जातोय!"

मग ते सावकाश म्हणाले, "शरू, अणू थांबला असं नव्हतो म्हणालो मी. मी थांबलो, असं म्हणालो होतो. थांबलो. प्राध्यापकांनी इथे नोकरी दिली. अणू बराच हळू झालाय, पण एका क्षणात निसटतो. त्याला धरून ठेवायचं काम आता खरं सुरू होतंय. मी राहायचं ठरवलं, तेच सांगायला फोन केला होता."

"आणि येतो म्हणालात ते?"

"अगं, फोन ठेवताना म्हणालो. आपल्याकडे निघताना 'जातो' कुठे म्हणतात?"

एक मात्रा! वर्गात मुलींच्या वह्यांत मी लाल शाईनं सुधारते ना, तेवढी एक मात्रा. सेकंदाचा अब्जावा भाग मोजायला निघालेला माणूस, आणि त्याच्या एका मात्रेनं आम्ही दोघी बायका महिनाभर फलाटावर उभ्या. मला काय काय बोलायचं होतं! तोंडातून आलं ते एवढंच, "मग मला कोण धरून ठेवणार हो?"

"तू ये ना इकडे," ते म्हणाले. आवाज रडवेला झाला होता. "आईलाही आण. शरू, मला इथे रोज घरी गेल्यावर कुलूप उघडावं लागतं. मला तू हवी आहेस गं."

तीन वर्षांत हे वाक्य त्यांनी एकदाही लिहिलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि वामनरावांच्या पोत्यांआड उभी राहून मनसोक्त रडले. रागानं रडले की आनंदानं, मला आजही सांगता यायचं नाही.

आत्याबाईंना मी सगळं खरं सांगितलं. त्या उठून बसल्या. थांबला अन् थांबलो, दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. मग म्हणाल्या, "मंग तुले तिकडं ये म्हनते का तो? तं जाय."

"तुम्हालाही बोलावलंय."

"मी नाई येत. तिकडं मेली तं जाळाले लाकडं भेटतात का, कोनाले मालूम!"

"मग मीही नाही जात. त्यांना यायचं तर त्यांनी यावं." मी हट्टानं म्हटलं, आणि महिनाभर तोच हट्ट धरला. पण त्या बाई माझ्याहून हट्टी. स्वयंपाक करताना, निवडताना, झोपताना एकच. "दोघी जनी इथं बसून वाट पाह्यली तं काय, तो लवकर येईन का? अवं, तुयं वय काय हाय! मायं सोड. माया नवऱ्यासंगं मी तीस वरीस राह्यली." आणि खरं सांगू? माझाच हट्ट पोकळ होता. मला तो माणूस हवा होता. बास. सवतीच्या घरी जाऊन का होईना, हवा होता.

पासपोर्टाला नागपूरला खेपा झाल्या, व्हिसाला मुंबईला. शाळेनं निरोप दिला. पुष्पाबाईंनी फ्रिजचा रंगसुद्धा सांगून ठेवला.

निघायच्या दिवशी आत्याबाई ठेसनावर आल्या. अमडापूरचे पुतणे रंगराव त्यांना न्यायला आले होते. खोल्या आम्ही सोडल्या होत्या. त्यांचं बोचकं आणि माझी ट्रंक फलाटावर शेजारी शेजारी ठेवली होती. आज मात्र आम्ही गाडीतून उतरणाऱ्यांकडे बघत नव्हतो. नागपूरकडून गाडी आली. रंगरावांनी ट्रंक आत चढवली. मी वाकून आत्याबाईंच्या पाया पडले, दारातल्या दांड्याला धरून उभी राहिले आणि म्हटलं, "येते मी, आत्याबाई."

"येते नको म्हनू."

मला वाटलं, गोंगाटात नीट ऐकू आलं नाही.

"येते नको म्हनू, पोरी." त्यांनी माझं मनगट धरलं. डोळे कोरडे होते. "भालूनं जाताना येतो म्हनलं, अन् त्या एका शब्दासाठी मी घराले कुलूप लावून ठेसनापाशी येऊन बसली. आता तूही येते म्हनशीन, तं मले अमडापूरात झोप लागाची नाई. रोज कान गाडीकडं राहीन. मायं वय नाई आता थे. जाते म्हन. मले मोकळं कर."

आमच्याकडे 'जाते' कुणी म्हणत नाही. मेलेलं माणूस जातं. मी मान हलवत राहिले. "नाही हो, नाही म्हणवत मला."

"म्हन!"

गार्डानं शिट्टी दिली. मनगटावरची पकड सुटली नव्हती.

"जाते," मी म्हटलं. "जाते मी, आत्याबाई."

"हाव," त्या म्हणाल्या. "जाय." हात सोडला, पदर डोक्यावर सारखा केला आणि रंगरावांना बोचकं उचलायला सांगितलं. गाडी हलायच्या आधीच त्या फलाटाच्या फाटकातून बाहेर पडल्या होत्या.